रोमन सरहद्दीचे दप्तर: ‘रोमन इन्स्क्रिप्शन्स ऑफ ब्रिटन’ या संकेतस्थळाचे परीक्षण

विदर्भात पुरातत्त्वाची गोडी लागलेल्या माणसाची पहिली ओळख बहुतेक वेळा शिळावर्तुळांशी होते. जुनापाणी, माहुरझरी, नैकुंड या नागपूर परिसरातल्या स्थळांवर लोहयुगातील लोकांनी आपले मृत दगडांच्या वर्तुळात पुरले, त्यांच्यासोबत लोखंडी हत्यारे आणि मणी ठेवले, काही ठिकाणी तांब्याच्या आभूषणांनी सजवलेले घोडेही पुरले. मात्र त्या माणसांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही, कारण त्यांनी लिहिलेले काहीच मागे उरलेले नाही. अशा निनावी पुराव्याची सवय झालेल्या वाचकाने रोमन साम्राज्याच्या उत्तर सरहद्दीवरचे लेख वाचायला घेतले, की त्याची अडचण नेमकी उलटी होते. तिथे नावांची गर्दी आहे. साध्या घोडेस्वाराचे नाव, वय, पलटण, मुलूख, त्याचे थडगे कोणी बांधले आणि कोणत्या नात्याने बांधले, हे सारे दगडावर कोरलेले सापडते. त्या नावांचे ब्रिटनपुरते दप्तर ‘रोमन इन्स्क्रिप्शन्स ऑफ ब्रिटन’ या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले आहे. वर्धा जिल्ह्यातल्या एका गावी राहून आणि तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवत असताना मी ते नियमितपणे वापरते. ज्याला इंग्लंडला जाणे तर सोडाच, पण नागपूरच्या ग्रंथालयात चार दिवस बसणेही जमण्यासारखे नाही, अशा वाचकाला ते कितपत उपयोगी पडते, या प्रश्नावर हे परीक्षण बेतले आहे.

या संकेतस्थळाचा पाया छापील आहे. ब्रिटनमध्ये सापडलेल्या रोमन काळातील दगडी लेखांचे संकलन आर. जी. कॉलिंगवुड यांनी अनेक वर्षे चालवले होते. इतिहासाचे तत्त्वज्ञान शिकलेल्यांना हे नाव वेगळ्या कारणाने माहीत असते, आणि तत्त्वचिंतक म्हणून गाजलेला हा माणूस दगडावरचे एकेक अक्षर कागदावर रेखाटत बसत असे, ही गोष्ट मला नेहमीच मौजेची वाटत आली आहे. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर आर. पी. राइट यांनी काम पुरे केले आणि १९५४ अखेरपर्यंत सापडलेल्या सुमारे २,४०० लेखांचा पहिला खंड १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. नंतर सापडलेल्या दगडांचा, म्हणजे २००६ पर्यंतच्या भरीचा, खंड २००९ मध्ये आला. भांडी, विटा, शिशाच्या लगडी अशा वापरातल्या वस्तूंवरील लेखांचे भाग १९९० च्या दशकात निघाले होते. हे सर्व, आणि त्यांच्या जोडीला विंडोलांडा येथील लाकडी पट्ट्यांवरची पत्रे, आता एकाच ठिकाणी वाचता येतात. त्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत, नोंदणी करावी लागत नाही.

प्रत्येक लेखाला एक क्रमांक आहे आणि प्रत्येक क्रमांकाला स्वतंत्र पान. पानावर दगड कुठे सापडला, आज कुठे आहे, त्याचे माप काय, मूळ लॅटिन मजकूर, इंग्रजी भाषांतर, थोडक्यात टीप आणि बहुतेक ठिकाणी रेखाचित्र किंवा छायाचित्र असते. ही मांडणी कोरडी आहे, आणि तिचे कोरडेपण हाच तिचा गुण आहे. सरहद्दीवरील जीवनाविषयीची लोकप्रिय लिखाणे वाचताना लेखकाची कल्पना कुठे संपते आणि पुरावा कुठे सुरू होतो हे कळत नाही. इथे मात्र पुरावा आधी समोर येतो आणि त्याविषयीचे मत त्याच्याखाली, लहान परिच्छेदात, आपली पायरी ओळखून बसलेले असते.

उदाहरणादाखल १०६५ क्रमांकाचे पान पाहावे. टाइन नदीच्या मुखाशी साउथ शील्ड्स येथे, म्हणजे रोमनांच्या अर्बेया या किल्ल्याजवळ, १८७८ मध्ये एक थडग्याचा दगड सापडला. त्यावर वेताच्या खुर्चीत बसलेली एक स्त्री कोरलेली आहे; तिच्या एका बाजूला दागिन्यांची पेटी आहे, दुसऱ्या बाजूला लोकरीच्या गुंड्यांची टोपली, मांडीवर सूत काढण्याची चाती आहे, आणि चेहरा मात्र फुटून गेलेला आहे. लॅटिन मजकूर सांगतो की ही रेजिना, वय ३०, कातुवेल्लौनी जमातीची, आणि तिच्यासाठी हा दगड पाल्मिराच्या बराटेसने उभारला, जो आधी तिचा मालक होता आणि तिला गुलामीतून मुक्त करून तिचा नवरा झाला. कातुवेल्लौनी ही लंडनच्या उत्तरेकडची जमात. पाल्मिरा हे सीरियाच्या वाळवंटातले व्यापारी शहर. दोघांचीही मुळे सरहद्दीपासून दूरची, आणि दोघांची गाठ पडली ती सरहद्दीमुळे. लॅटिन मजकुराच्या खाली पाल्मिराच्या लिपीत आणि अरमाईक भाषेत एक ओळ आहे: बराटेसने मुक्त केलेली रेजिना, हाय हाय. लॅटिन भागात व्याकरणाच्या चुका आहेत. पाल्मिरी ओळ मात्र सराईत हाताने कोरलेली आहे. सैन्याच्या भाषेत अडखळणारा आणि स्वतःच्या भाषेत शोक करणारा हा माणूस सैनिक होता की व्यापारी, हे दगड सांगत नाही, आणि पानावरची टीपही उगाच ठरवून टाकत नाही.

याच पानाशेजारी, १०६४ क्रमांकावर, विक्टरचा दगड आहे. तो उत्तर आफ्रिकेतला मूर होता, वीस वर्षांचा होता, आणि अस्तुरियनांच्या पहिल्या घोडदळ पलटणीतील न्यूमेरियानस नावाच्या स्वाराने त्याला मुक्त केले होते. अस्तुरियन म्हणजे मूळचे वायव्य स्पेनचे लोक. उत्तर आफ्रिकेचा मुलगा, स्पेनच्या नावाची पलटण आणि इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचे थडगे, इतका सगळा पसारा एका पानात मावतो. सरहद्दीचे सैन्य म्हटले की आपल्या पाठ्यपुस्तकांत रोमहून आलेले शिपाई उभे राहतात. प्रत्यक्षात या सरहद्दीवरच्या किल्ल्यांत राहणाऱ्या साहाय्यक पलटणी साम्राज्याच्या निरनिराळ्या प्रांतांतून उभारलेल्या होत्या, त्यांची नोकरी सर्वसाधारणपणे २५ वर्षांची असे, आणि ती पूर्ण केल्यावर त्यांना रोमन नागरिकत्व मिळे. हे वाक्य कोणत्याही संदर्भग्रंथात मिळेल. पण त्यातला पहिला भाग विक्टरच्या दगडावरून वाचकाला स्वतः काढता येतो, हा या संकेतस्थळाचा खरा फायदा आहे.

आता कंसांविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण नवा वाचक सर्वांत आधी त्यांनाच कंटाळतो. लॅटिन मजकूर चौकोनी आणि गोल कंसांनी भरलेला दिसतो. १९३१ मध्ये लायडन येथे ठरलेल्या संकेतांनुसार, दगडावरून नष्ट झालेली पण अभ्यासकाने भरून काढलेली अक्षरे चौकोनी कंसात येतात, कोरक्याने संक्षेप केलेले शब्द पुरे करताना घातलेली अक्षरे गोल कंसात येतात, आणि जे अक्षर निश्चित वाचता येत नाही त्याच्या खाली टिंब असते. वरच्या बराटेसचेच उदाहरण घेऊ. कॉरब्रिज येथे सापडलेल्या ११७१ क्रमांकाच्या दगडावर पाल्मिराच्या एका माणसाचे थडगे आहे. तो ६८ वर्षांचा होऊन वारला आणि त्याचा संबंध पलटणीच्या निशाणाशी होता, मग तो निशाण धरणारा असो वा निशाणे विकणारा. बऱ्याच लेखांत हा रेजिनाचाच नवरा असल्याचे बिनदिक्कत लिहिलेले असते, आणि ती शक्यता आहेही. पण पान उघडून पाहिले की नावाची सुरुवातीची अक्षरे चौकोनी कंसात दिसतात, म्हणजे ती दगडावर उरलेलीच नाहीत. एका कंसाने एवढी मोठी प्रेमकथा सावधपणे वाचायला लावली. विद्यार्थ्यांना पुराव्याची शिस्त शिकवायची तर माझ्या हाताशी याहून सोपे साधन नाही.

दगडाने मोठा वाद मिटवल्याचे उदाहरणही इथेच आहे. ब्रिटनच्या उत्तरेला समुद्रापासून समुद्रापर्यंत ८० रोमन मैल, म्हणजे सुमारे ११७ किलोमीटर, पसरलेला तट आज सम्राट हेड्रियनच्या नावाने ओळखला जातो. परंतु प्राचीन लेखकांपैकी काहींनी तटाचे श्रेय नंतरचा सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस याला दिले होते आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत तेच मत प्रबळ होते. जॉन हॉजसन या पाद्री अभ्यासकाने १८४० मध्ये शिलालेखांच्या आधारे तट हेड्रियनचाच असल्याचे मांडले. त्याच्या युक्तिवादाचा कणा असलेल्या प्रकारचा लेख १६३८ क्रमांकावर वाचता येतो. तटावर दर मैलाला जी छोटी चौकी होती, त्यांपैकी अडतिसाव्या चौकीचा हा दगड. त्यावर सम्राट हेड्रियन, दुसरी ऑगस्टा लीजन (लीजन म्हणजे रोमन नागरिकांची मुख्य फौज) आणि प्रांताधिपती औलुस प्लातोरियस नेपोस अशी तीन नावे आहेत. चार ओळींचा मजकूर आहे. सम्राट, काम करणारी फौज आणि कामावर देखरेख करणारा अधिकारी एकाच दगडावर आल्यामुळे पुढच्या काळातील दुरुस्तीचे काम मूळ बांधकाम म्हणून मिरवण्याची सोय उरली नाही.

तरीही वाचकाने जास्त वेळ घालवावा तो दगडांवर नव्हे, विंडोलांडाच्या पट्ट्यांवर. तटाच्या किंचित दक्षिणेला असलेल्या या किल्ल्यात १९७३ मध्ये रॉबिन बर्ली यांना शाईने लिहिलेल्या लाकडी पट्ट्या मिळाल्या. पोस्टकार्डाएवढ्या, काही मिलिमीटरच जाडीच्या, आणि बहुतांश हेड्रियनचा तट बांधला जाण्यापूर्वीच्या. जुने किल्ले पाडून त्यांवर माती आणि हिरवळीचे थर टाकून नवे बांधल्यामुळे खालच्या ओल्या थरांत हवा पोचली नाही आणि लाकूड कुजले नाही. शाई उघड्या डोळ्यांना जेमतेम दिसते; अवरक्त किरणांच्या छायाचित्रांवरून ती वाचली गेली. दगड कोरून घ्यायला पैसा आणि प्रसंग लागतो. पट्टीवर माणूस रोजचे व्यवहार लिहितो.

१५४ क्रमांकाची पट्टी म्हणजे तुंग्रियनांच्या (आजच्या बेल्जियमकडच्या लोकांच्या) पहिल्या पलटणीची १८ मे रोजीची हजेरी आहे. पलटणीचा प्रमुख युलियस वेरेकुंडुस. पटावर ७५२ माणसे, त्यांत सहा सेंच्युरियन, म्हणजे तुकड्यांचे नायक. त्यांपैकी ४५६ बाहेरगावी: ३३७ कोरिया (आजचे कॉरब्रिज) येथे, ४६ प्रांताधिपतीच्या रक्षकांत, उरलेले इकडे तिकडे विखुरलेले. किल्ल्यात हजर २९६, आणि त्यांतले १५ आजारी, ६ जखमी, १० डोळे आलेले. म्हणजे कामाला उभे राहू शकणारे २६५. या आकडेमोडीवर मी वर्गात पूर्ण तासिका घेते, आणि दरवेळी विद्यार्थ्यांचा एकच प्रश्न येतो की मग सरहद्दीवर होते तरी कोण. प्रश्न अगदी बरोबर आहे. नकाशावर प्रत्येक किल्ल्याजवळ एका पलटणीचे नाव छापलेले असते, पण किल्ला म्हणजे पलटणीची कचेरी. पलटण स्वतः प्रांतभर पांगलेली असे. सहापैकी पाच सेंच्युरियन बाहेर असताना किल्ल्याचा कारभार उरलेल्या एकावर चाललेला दिसतो. उत्खननात बराकींची संख्या मोजून सैन्याचा आकडा काढणाऱ्यांना या एका पट्टीने कायमचे सावध केले आहे.

दुसरे उदाहरण ३४३ क्रमांकाचे, आणि ते विदर्भातल्या वाचकाला समजावून सांगावे लागणार नाही. ऑक्टावियस नावाचा माणूस कांदिदुस या आपल्या भावाला लिहितो की त्याने धान्याची सुमारे ५,००० मोदी कणसे खरेदी केली आहेत, त्यासाठी रोख पैसा हवा आहे, आणि किमान ५०० दिनारी (रोमन चांदीची नाणी) पाठवल्या नाहीत तर इसार म्हणून दिलेल्या सुमारे ३०० दिनारी बुडतील आणि आपली शोभा होईल. मोदी हे धान्याचे माप, साधारण पावणेनऊ लिटरचे. म्हणजे व्यवहार मोठाच आहे. त्या काळात लीजनमधल्या शिपायाचा वर्षाचा पगार ३०० दिनारी होता, तेव्हा बुडीत जाणारा इसार एका शिपायाच्या वर्षभराच्या पगाराएवढा होता. पुढे तो कातड्यांची चौकशी करतो. कातडी काताराक्तोनियम (आजचे उत्तर इंग्लंडमधले कॅटरिक) येथे पडून आहेत, ती आणायला तो आधीच गेला असता, पण रस्ते खराब असताना जनावरांना इजा होऊ द्यायची त्याची इच्छा नव्हती. शिवाय तेर्तियुसने फातालिसकडून घेतलेल्या साडेआठ दिनारी आपल्या खात्यात जमा केल्या नाहीत, हेही तो विसरत नाही. आषाढात पांदण रस्त्याने बैलगाडी काढणाऱ्याला हे पत्र सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचे वाटणार नाही. ऑक्टावियस शिपाई होता की सैन्याला माल पुरवणारा खासगी व्यापारी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मला तो व्यापारी वाटतो, कारण पगारी माणूस इसार बुडण्याची इतकी धास्ती सहसा घेत नाही; पण हे माझे मत आहे, पट्टीचा पुरावा नव्हे.

क्लॉडिया सेवेराने सुल्पिकिया लेपिदिनाला ११ सप्टेंबरच्या वाढदिवसाचे पाठवलेले आमंत्रण, २९१ क्रमांकाचे, सर्वत्र उद्धृत होते आणि ते व्हायलाही हवे, कारण शेवटच्या ओळी तिने स्वतःच्या हाताने लिहिल्या असून स्त्रीच्या हस्ताक्षरातील सर्वांत जुन्या लॅटिन लिखाणांत त्यांची गणना होते. त्यावर इतके लिहिले गेले आहे की इथे भर घालण्याचे कारण नाही. त्यापेक्षा १८४ क्रमांकाच्या हिशेबाकडे पाहावे. त्यात तापोचा मुलगा गांबाक्स याच्या नावावर दोन दिनारींची मिरी मांडलेली आहे. ती मिरी मलबारची. मुझिरिसच्या बंदरातून तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके येथे, तिथून नाईल नदीने अलेक्झांड्रियाला आणि मग भूमध्य समुद्र ओलांडून, असा तिचा प्रवास. दक्खनमध्ये सातवाहनांचे राज्य असताना ब्रिटनच्या टोकावरचा एक शिपाई केरळची मिरी उधारीवर घेत होता. रोम आणि भारत यांच्या व्यापाराविषयी आपण नेहमी आपल्याकडे सापडलेल्या नाण्यांच्या आणि मद्यकुंभांच्या बाजूने बोलतो. दुसऱ्या टोकाचा ग्राहक असा नावानिशी क्वचितच भेटतो.

या पट्ट्या आणि दगड शेजारी शेजारी वाचले की किल्ल्याच्या भिंतीबाहेरची वस्तीही दिसू लागते. जवळजवळ प्रत्येक कायम किल्ल्याला अशी वस्ती चिकटलेली असे: दुकाने, भट्ट्या, मद्यगृहे, देवळे, कुटुंबे. विंडोलांडाच्या वस्तीतील रहिवाशांनी वल्कन या अग्नीच्या आणि लोहारकामाच्या देवाला वेदी अर्पण केली. ती १७०० क्रमांकावर आहे. तिचे महत्त्व असे, की ती कोणा एका व्यक्तीने नव्हे तर रहिवाशांनी मिळून अर्पण केली आहे, म्हणजे छावणीबाहेरच्या लोकांना स्वतःच्या नावाने एकत्र उभे राहण्याइतकी ओळख होती. कन्हान नदीकाठी १८२१ मध्ये कामठीची छावणी बसली आणि तिच्या भोवती बाजार उभा राहून गाव वाढले, हे ज्याने पाहिले किंवा वाचले आहे त्याला ही प्रक्रिया परकी वाटणार नाही. फरक इतकाच, की कामठीचे गाव छावणीनंतरही वाढत राहिले, तर तटावरच्या बहुतेक वस्त्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीपर्यंत ओस पडल्या होत्या, किल्ल्यात सैन्य असतानाही.

इथपर्यंतची स्तुती मनापासून आहे; आता मर्यादा. पहिली मर्यादा या साधनाच्या स्वरूपातच आहे. हे लिहिलेल्या शब्दाचे दप्तर असल्यामुळे ज्यांनी लिहिले नाही ते इथे येत नाहीत. साध्या शिपायाला नोकरीत असताना कायद्याने लग्न करण्याची मुभा नव्हती आणि ती बंदी सेप्टिमियस सेव्हेरस याच्या काळात, इसवी सन १९७ च्या सुमारास, उठली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यामुळे सुरुवातीच्या काळातील लेखांवरून पाहिले तर किल्ल्यात फक्त अधिकाऱ्यांच्या बायका दिसतात, लेपिदिना आणि सेवेरा यांच्यासारख्या. पण विंडोलांडाच्या त्याच ओल्या थरांत हजारो चामडी पायताणे सापडली आहेत, आणि त्यांत स्त्रियांच्या आणि लहान मुलांच्या मापाची पायताणे शिपायांच्या बराकींच्या भागातही मिळाली. कागदोपत्री नसलेली कुटुंबे प्रत्यक्षात तिथेच राहत होती. हा शोध शिलालेखांच्या कोणत्याही क्रमांकात मिळणार नाही.

दगड जमिनीत कसा पडलेला होता, याविषयीही सावध राहावे लागते. पश्चिम किनाऱ्यावरच्या मेरीपोर्ट येथे १८७० मध्ये खड्ड्यांतून ज्युपिटरच्या वेद्यांचा मोठा साठा निघाला, आणि दर वर्षी नवी वेदी उभारून जुनी विधिपूर्वक पुरत असावेत, अशी समजूत अनेक पिढ्या पुस्तकांतून फिरत राहिली. २०११ आणि २०१२ मध्ये त्याच जागी पुन्हा उत्खनन झाले तेव्हा लक्षात आले, की त्या वेद्या उत्तरकालीन रोमन इमारतीचे लाकडी खांब पक्के बसवण्यासाठी खड्ड्यात भर म्हणून टाकल्या होत्या. पूजेचा दगड पायाच्या दगडासारखा वापरला गेला होता. वेदीवरचे नाव आणि पलटण वाचून हे कधीच कळले नसते. मजकुरावर भर देणाऱ्या संकलनाच्या सोबतीला उत्खननाचे अहवाल वाचणे म्हणूनच अपरिहार्य आहे.

तटापलीकडच्या आणि तटाखालच्या स्थानिक ब्रिटनांचे तर बोलणेच नको. स्कॉटलंडमधील अँटोनाइन तटाच्या पूर्व टोकाजवळ, ब्रिजनेस येथे सापडलेला २१३९ क्रमांकाचा दगड दुसऱ्या लीजनने ४,६५२ पावलांचे, म्हणजे सुमारे ६.९ किलोमीटरचे, काम पुरे केल्याचे सांगतो. मजकुराच्या एका बाजूला रोमन घोडेस्वार चार नग्न शत्रूंना तुडवताना कोरला आहे आणि दुसऱ्या बाजूला अधिकारी मंडळी बळी देण्याच्या विधीसाठी जमली आहेत. पावलांचा हिशेब इतका चोख, आणि घोड्याखालच्या चार माणसांपैकी एकालाही नाव नाही. हा तट इसवी सन १४२ च्या सुमारास बांधायला घेतला आणि जेमतेम वीस वर्षांत सोडून दिला, हे लक्षात घेता दगडावरच्या विजयाचा आवेश जरा जास्तच वाटतो.

वापराच्या सोयीविषयी थोडक्यात. मजकुराची पाने हलकी आहेत आणि गावातल्या कमकुवत रेंजमध्येही उघडतात. पट्ट्यांची छायाचित्रे बारकाईने पाहायची असतील तर तालुक्याला गेल्यावर पाहणे बरे. क्रमांक माहीत असेल तर शोधाशोध करावी लागत नाही, नसेल तर स्थळाच्या नावाने सुरुवात करावी. टिपा अभ्यासकांसाठी लिहिलेल्या असल्याने तोकड्या आहेत आणि त्यांतले संक्षेप नवख्याला अडवतात. भाषांतर इंग्रजीत आहे, सोपे आहे, आणि बारावीचा विद्यार्थी शब्दकोश घेऊन बसला तर त्याला जमते. मराठीत असे काही नाही, आणि आपल्या एखाद्या विद्यापीठाच्या विभागाने निवडक शंभर लेखांचे मराठी भाषांतर टीपांसह करावे, असे मला फार वाटते. ज्यांना तंत्राची आवड आहे त्यांना प्रत्येक लेखाचा संगणकाला वाचता येईल असा साचेबद्ध मजकूरही मिळतो. पवनी येथील महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याच्या छायास्तंभापासून (स्मारकस्तंभापासून) विदर्भातील सर्व प्राकृत लेख कोणी याच पद्धतीने एका जागी आणले, तर त्याचा उपयोग इथल्या प्रत्येक शिक्षकाला होईल. रोमन सरहद्दीच्या या दप्तराकडे पाहताना मला वारंवार याचाच हेवा वाटतो.

शेवटची मर्यादा नावातच लिहिलेली आहे: हे ब्रिटनचे दप्तर आहे, रोमन सरहद्दीचे नव्हे. ऱ्हाइन आणि डॅन्यूब नद्यांच्या काठचे किल्ले, सुमारे ५५० किलोमीटर लांबीची जर्मनीतील तटरेषा, आफ्रिकेच्या वाळवंटातली ठाणी, तांबड्या समुद्रातील फरासान बेटांवर दुसऱ्या शतकाच्या मध्यास लीजनच्या तुकडीने कोरलेला लेख, हे सारे याच्या कक्षेबाहेर आहे. बराटेसच्या पाल्मिराच्या नावाची विसावी पलटण युफ्रेटिस नदीवरच्या ड्युरा-युरोपोस येथे होती आणि तिच्या कचेरीतील पपायरसावरच्या याद्या इसवी सन २५६ च्या सुमारास इराणच्या ससानी सैन्याने ते शहर घेतल्यावर ढिगाऱ्याखाली टिकून राहिल्या. विंडोलांडाच्या हजेरीशी त्यांची तुलना करायची तर पपायरसांच्या वेगळ्या मोफत संकेतस्थळावर जावे लागते. खुद्द हेड्रियनच्या तटाच्या काळाविषयीचा एक महत्त्वाचा पुरावासुद्धा इथे नाही. प्लातोरियस नेपोस हा १७ जुलै १२२ रोजी ब्रिटनचा प्रांताधिपती होता हे आपल्याला कळते ते नोकरी संपलेल्या सैनिकांना नागरिकत्व देणाऱ्या एका कांस्य सनदेवरून. तीत ब्रिटनमधील १३ घोडदळ आणि ३७ पायदळ पलटणींची यादी आहे. पण ज्या पॅनोनियन घोडेस्वाराला ती मिळाली तो आपल्या मुलखात, आजच्या हंगेरीतील ब्रिगेतियो येथे, परतला आणि सनद तिथेच सापडली. ब्रिटनमध्ये न सापडल्यामुळे ती या संकलनात बसत नाही. ती पाहायची असेल तर ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहाची पाने उघडावीत.